रेघ कधी मारायची? रिपोर्टच्या स्क्रिप्टमधल्या कमांड आणि व्हेरिएबल

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर मी गेले ती रिपोर्टचं काम घ्यायला. काट्याच्या नोंदी डेटाबेसमध्ये जात होत्या, पण संध्याकाळचा तालुकावार तक्ता अजून हातानेच निघत होता. तक्त्यात नेमकं काय हवंय ते लिहून द्या, असं मी मुनीमकाकांना म्हटलं. ते म्हणाले, "लिहून काय द्यायचं? मी करतो तेच त्याला करायला सांग." मग तासभर नुसती बघत बसले.

काकांनी दिवसभराच्या काटापट्ट्या आधी तालुक्याप्रमाणे गड्ड्या करून लावल्या. मग एकेक पट्टी चोपडीत उतरवायला घेतली. तालुक्याचं नाव पहिल्या ओळीत एकदाच, खाली नुसते आकडे. तालुका बदलला की फूटपट्टी ठेवून रेघ, रेघेखाली बेरीज, एक ओळ मोकळी, आणि पुढचा तालुका शून्यापासून. पान भरलं की पुढच्या पानावर पुन्हा तारीख आणि रकान्यांची नावं. शेवटी दुहेरी रेघ आणि एकंदर.

रिपोर्टची स्क्रिप्ट म्हणजे एवढंच. त्यातल्या बहुतेक चुका दोनच प्रश्नांवर होतात: रेघ कधी मारायची, आणि कोऱ्या जागेत कोणी, केव्हा, काय भरायचं. पहिला प्रश्न कंट्रोल कमांडचा, दुसरा व्हेरिएबलचा.

मी हे एसक्यूएल प्लसवर सांगते, म्हणजे ओरॅकल ह्या डेटाबेसला हुकूम देऊन तक्ते काढायच्या साधनावर, कारण रोज तेच वापरते. खऱ्या फाइलीत कमांड रोमन लिपीत असतात; इथे उच्चार लिहिलाय. छोटीशी स्क्रिप्ट अशी दिसते:

सेट पेजसाइज ६०
सेट लाइनसाइज १३२
कॉलम क्विंटल फॉरमॅट ९९,९९९.९९
ब्रेक ऑन तालुका स्किप १ ऑन रिपोर्ट
कम्प्यूट सम ऑफ क्विंटल ऑन तालुका
कम्प्यूट सम ऑफ क्विंटल ऑन रिपोर्ट
स्पूल आवक.टीएक्सटी
सिलेक्ट तालुका, शेतकरी, क्विंटल फ्रॉम आवक ऑर्डर बाय तालुका;
स्पूल ऑफ

ह्या नऊ ओळींत दोन वेगळ्या भाषा आहेत, आणि नवीन मुलं इथेच गोंधळतात. 'सिलेक्ट'ची ओळ तेवढी डेटाबेसकडे जाते. बाकीच्या आठ तिकडे पोचतच नाहीत. एसक्यूएल प्लस त्या आपल्याजवळच ठेवतं आणि आलेल्या ओळी त्यांच्याप्रमाणे मांडतं. म्हणजे डेटाबेस फक्त पट्ट्या आणून देणारा पोऱ्या. फूटपट्टी, पेन, चोपडी सगळं अलीकडे. म्हणूनच 'सिलेक्ट'ला शेवटी अर्धविराम लागतो आणि 'सेट'ला लागत नाही. 'ब्रेक'सारखी कमांड लांबली तर ओळीच्या शेवटी आडवी रेघ टाकून ती पुढच्या ओळीवर न्यावी लागते. 'सिलेक्ट'ला त्याची गरज नाही.

'सेट'च्या ओळी चटकन उरकते. ('स्पूल' म्हणजे छापलं जाईल ते फाइलीत उतरवणं.) काहीच सांगितलं नाही तर पान १४ ओळींचं आणि ओळ ८० अक्षरांची धरली जाते. म्हणून पहिल्याच रिपोर्टमध्ये दर दहाबारा ओळींनी रकान्यांची नावं पुन्हा येतात आणि लांब ओळी दुमडतात. १३२ हा आकडा मोठ्या कागदाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरपासून चालत आलाय, आणि खळ्यावर तो प्रिंटर अजून करकरतोय. फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम कुठे टाकायचा ते तुमच्या हातात असतं. ९९,९९,९९९ लिहिलंत तर लाखाचा हिशोब आपल्या पद्धतीने छापून येतो. मात्र आकडा त्या साच्यात मावला नाही, तर एसक्यूएल प्लस तो कापत नाही, त्या जागी ##### छापतं. हे मला आवडतं. अर्धा आकडा छापण्यापेक्षा जाळी छापलेली बरी.

मराठी नावांसाठी एक आगाऊ सूचना. स्क्रिप्ट चालू करण्याआधी मशीनवर 'एनएलएस लँग' (भाषा-लिपी सांगणारं सेटिंग) नीट लावलेलं नसेल, तर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. लावलेलं असलं तरी काना-मात्रांमुळे रकाने थोडे सरकतात. ते मी सोडून दिलंय.

आता रेघ.

कमांडचं नाव 'ब्रेक', पण कल्पना फार जुनी, डेटाबेसच्याही आधीची. तिला कंट्रोल ब्रेक म्हणतात. आयबीएमने १९५९ मध्ये १४०१ ह्या मशीनसाठी आरपीजी नावाची भाषा काढली, ती मुळात रिपोर्ट काढण्यासाठीच. त्या भाषेत एल१ ते एल९ अशा पायऱ्या होत्या: गाव बदललं की एल१, तालुका बदलला की एल२, असं आपण ठरवायचं. शेवटची नोंद संपली की एलआर. कोबोल ह्या जुन्या भाषेतही गट बदलल्यावर छापायच्या ओळीला 'कंट्रोल फूटिंग' असं नाव आहे. काका फूटपट्टीने जे करतात, त्यासाठी त्या भाषांनी खास जागाच राखून ठेवली होती.

आणि ह्या सगळ्यांची युक्ती एकच. मशीन मागच्या ओळीतलं नाव लक्षात ठेवतं, नव्या ओळीतलं बघतं. वेगळं असेल तर रेघ. बस. पुढे अजून निफाडच्या पट्ट्या आहेत का, हे त्याला ठाऊक नसतं आणि ते बघायलाही जात नाही.

माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये मी 'ऑर्डर बाय' विसरले. ओळी लिलावाच्या क्रमाने आल्या: निफाड ४२ क्विंटल, चांदवड २५, निफाड ३८, येवला ३०, निफाड २०. मशीनने प्रत्येक ओळीनंतर इमानेइतबारे रेघ मारली आणि बेरीज छापली. संध्याकाळी फोन आला. "अगं, ह्यात निफाड तीनदा का आलंय?"

निफाडची खरी आवक १०० क्विंटल. रिपोर्ट म्हणत होता ४२, मग ३८, मग २०. गंमत अशी की तळाशी एकंदर १५५ छापलं होतं, ते अगदी बरोबर. मी फक्त तेच ताडून बघितलं होतं आणि निर्धास्तपणे घरी गेले होते. आधी गड्ड्या लावायच्या आणि मग पेन उचलायचं, ही काकांची शिस्त 'ऑर्डर बाय तालुका' ह्या एका तुकड्यात आहे. तालुका आणि गाव अशा दोन पायऱ्या असतील, तर 'ब्रेक'मध्ये जो क्रम लिहिलात तोच 'ऑर्डर बाय'मध्ये हवा.

एवढं करूनही निफाड दोनदा येऊ शकतं. कोणीतरी नावापुढे एक मोकळी जागा टाइप केलेली असते. माणसाला ती दिसत नाही, मशीनला तो वेगळा तालुका वाटतो.

दुसरी अडचण दोन पायऱ्या घालायला गेल्यावर कळते. आधी 'ब्रेक ऑन तालुका' लिहिलं, पुढच्या ओळीत 'ब्रेक ऑन गाव', की पहिला ब्रेक गेला. एका वेळी एकच 'ब्रेक' लागू असतो, नवा आला की जुना पुसला जातो. सगळ्या पायऱ्या एकाच कमांडमध्ये लिहायच्या. 'कम्प्यूट'चं मात्र उलट, त्या साठत जातात आणि सेशन संपेपर्यंत, म्हणजे एसक्यूएल प्लसची खिडकी बंद करेपर्यंत, चिकटून राहतात. सकाळच्या रिपोर्टमधली बेरीज दुपारच्या रिपोर्टमध्ये उगवली, तर भूतबाधा समजू नका. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'क्लिअर ब्रेक्स', 'क्लिअर कम्प्यूट्स', 'क्लिअर कॉलम्स' ह्या तीन ओळी टाका. शिवाय ज्या रकान्यावर 'कम्प्यूट', त्याच रकान्यावर 'ब्रेक' नसेल तर काहीच छापलं जात नाही. तक्रारही येत नाही, हे जास्त वाईट.

तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती सरासरीची. काकांनी सरासरी भाव मागितला. मी 'कम्प्यूट एव्हरेज ऑफ भाव ऑन तालुका' लिहून मोकळी. समजा, चांदवडचे तीन वक्कल (मालाचे गट) आले: ६० क्विंटल १,४०० रुपयांनी, १० क्विंटल २,३०० रुपयांनी आणि ३० क्विंटल १,७०० रुपयांनी. कमांडने तीन भावांची बेरीज केली, तिनाने भागली, आणि छापलं १,८००.

काकांनी पेन्सिलीने बाजूला लिहिलं: ८४,००० अधिक २३,००० अधिक ५१,०००. झाले १,५८,०००. भागिले १०० क्विंटल. १,५८०.

क्विंटलमागे २२० रुपयांचा फरक. मशीनने चूक केली असंही म्हणता येत नाही. ओळींची सरासरी सांगितली, त्याने ओळींची सरासरी काढली. दहा क्विंटलचा चांगला माल आणि साठ क्विंटलचा साधा माल त्याच्या लेखी एकेक ओळ. 'कम्प्यूट'ला बेरीज, मोजणी, लहानात लहान, मोठ्यात मोठं, सरासरी एवढं येतं, वर संख्याशास्त्रातले दोन प्रकार. एका बेरजेला दुसऱ्या बेरजेने भागणं त्याला येत नाही. हे काम मग क्वेरीतच, म्हणजे 'सिलेक्ट'च्या ओळीतच, करून आणावं लागतं: किमतीची बेरीज भागिले वजनाची बेरीज, आणि तालुक्याच्या व एकंदरच्या ओळींसाठी 'ग्रुप बाय रोलअप'. माझं मत विचाराल तर साध्या बेरजेपलीकडचं काहीही 'कम्प्यूट'वर सोपवू नये.

'ब्रेक' तालुक्याचं नाव एकदाच छापतो, खाली मोकळं सोडतो. कागदावर ते छान दिसतं. पण तीच फाइल मालकांच्या मुलाने एक्सेलमध्ये उघडली, निफाडचा फिल्टर लावला आणि एकच ओळ शिल्लक राहिली! बाकीच्या खणांत नावच नव्हतं. एक्सेलला द्यायची फाइल असेल तर 'ब्रेक'ला 'डुप्लिकेट्स' जोडा. त्याहून सोपं म्हणजे ती फाइल वेगळीच काढा, आवृत्ती १२.२ पासून 'सेट मार्कअप सीएसव्ही ऑन' आहे, त्यात ब्रेक-बिक काही लावायचं नाही.

आता व्हेरिएबल.

खळ्यावर छापील पट्टीपुस्तक असतं. 'दिनांक', 'श्री', 'मु. पो.' छापलेलं, पुढे टिंबटिंब. स्क्रिप्टमध्ये टिंबटिंबाची जागा & ह्या चिन्हाने दाखवतात. '&तालुका' लिहिलं की एसक्यूएल प्लस थांबून विचारतं, तालुक्याची किंमत काय? तुम्ही निफाड टाइप केलंत की ते शब्दशः त्या जागी चिकटवतं आणि मगच क्वेरी डेटाबेसकडे जाते. डेटाबेसला तिथे रिकामी जागा होती हे कळतही नाही, भरलेली पट्टीच हातात पडते. ह्याला सब्स्टिट्यूशन व्हेरिएबल म्हणतात. नुसतं चिकटवणंच असल्यामुळे त्यातून काहीही भरता येतं: नाव, रकाना, अख्खी अट, टेबलाचं नाव. ताकद तीच आणि धोकाही तोच. कोणी निफाडनंतर अवतरण बंद करून पुढे 'ऑर १=१' असं टाइप केलं, तर सगळ्या जिल्ह्याचा हिशोब बाहेर.

दुसरा प्रकार बाइंड व्हेरिएबल, तो : ह्या चिन्हाने लिहितात. त्यात पट्टी कोरीच जाते आणि किंमत वेगळ्या पाकिटातून. डेटाबेस पट्टी आधी वाचतो, समजून घेतो, मग पाकीट उघडतो. पाकिटात काहीही लिहिलेलं असो, ते किंमत म्हणूनच धरलं जातं, हुकूम म्हणून नाही. शिवाय रोज तीच पट्टी येते म्हणून ती पुन्हापुन्हा समजून घेण्याचे कष्ट वाचतात. टेबलाचं नाव मात्र पाकिटातून पाठवता येत नाही. बाहेरच्या माणसाने टाइप केलेलं काही असेल तर ते मी बाइंडमधूनच घेते; & फक्त माझ्या स्वतःच्या हातच्या गोष्टींसाठी, म्हणजे फाइलीचं नाव, शीर्षक वगैरे.

& एकदा लिहिलं तर दर वेळी विचारतं. && लिहिलं तर एकदाच विचारतं आणि लक्षात ठेवतं. हे लक्षात ठेवणं फार सोयीचं वाटतं, आणि त्यानेच माझा एकदा घात केला. दुसऱ्या एका ऑफिसात, नाव नको, मी सोमवारी संध्याकाळी खिडकी उघडी ठेवूनच निघाले. मंगळवारी त्याच खिडकीत तीच स्क्रिप्ट चालवली. तारीख विचारली नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. सोमवारचाच रिपोर्ट, नव्याने छापलेला, सगळ्या टेबलांवर गेला, आणि दुपारपर्यंत त्यावरून फोनाफोनी झाली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी लक्षात ठेवलेली किंमत पुसणारं 'अनडिफाइन' असतं. स्क्रिप्टच्या नावापुढे तारीख लिहून ती &१ म्हणून आत घेण्याची पद्धत जास्त चांगली, पण तिथेही तोच धोका: त्याच सेशनमध्ये दुसऱ्यांदा तारीख द्यायला विसरलात तर पहिलीच वापरली जाते.

& ची आणखी एक खोड. डेटा भरायच्या एका स्क्रिप्टमध्ये व्यापाऱ्याचं नाव आडनाव&सन्स अशा धाटणीचं, मध्ये जागा न सोडता लिहिलेलं होतं. स्क्रिप्ट चालू करून मी मिसळ खायला खाली उतरले. परत येऊन बघते तर ती पहिल्याच पानावर थांबून मला विचारतेय, 'सन्स'ची किंमत काय? अर्धा तास तशीच. असल्या फाइलींच्या माथ्यावर 'सेट डिफाइन ऑफ' लिहायचं, म्हणजे & हे नुसतं & राहतं.

फाइलीच्या नावात तारीख घालायची असेल तर अशी ओळ लागते:

स्पूल आवक_&दिनांक..टीएक्सटी

ती दोन टिंबं छपाईची चूक नाहीत. पहिलं टिंब व्हेरिएबलचं नाव इथे संपलं असं सांगतं आणि तिथेच खर्ची पडतं; दुसरं फाइलीच्या नावातलं. एकच दिलंत तर तारीख आणि टीएक्सटी एकमेकांना चिकटतात.

त्या 'दिनांक'मध्ये किंमत येते कुठून? हाताने भरता येते, पण 'कॉलम' कमांडला 'न्यू व्हॅल्यू' जोडलं की क्वेरीतून आलेली किंमतच व्हेरिएबलमध्ये पडते. ह्यावरूनच एक जुगाड निघालाय. एसक्यूएल प्लसच्या स्वतःच्या कमांडमध्ये 'जर-तर' नाही. लिलाव बंद असेल त्या दिवशी कोरा कागद नको, 'आज लिलाव बंद' असा छापील कागद हवा, असं काकांचं म्हणणं. मग एक छोटी क्वेरी आजच्या नोंदी मोजते. शून्य आल्या तर 'बंद', नाहीतर 'आवक' असा शब्द व्हेरिएबलमध्ये टाकते. आणि पुढची ओळ त्या नावाची स्क्रिप्ट चालवते. मोजणीच घ्यायची ह्याला कारण आहे. नोंदी नसल्या तरी मोजणी शून्य म्हणून एक ओळ देतेच. साध्या क्वेरीने एकही ओळ दिली नाही तर व्हेरिएबल भरलंच जात नाही, आणि स्क्रिप्ट पुन्हा विचारत बसते.

तारखेबद्दल माझा एक हट्ट: रिपोर्टच्या अटीत 'सिसडेट' (आजची तारीख) लिहायचं नाही. बुधवारी बसून सोमवारचा रिपोर्ट पुन्हा काढायची वेळ येतेच, तेव्हा त्या स्क्रिप्टला फक्त आज माहीत असतो. आणि नोंदीत तारखेबरोबर वेळही असते, म्हणून 'तारीख बरोबर अमुक' अशी अट लावली तर मध्यरात्री बारा वाजता भरलेल्या नोंदीच सापडतील, म्हणजे एकही नाही. त्या दिवसापासून पुढे आणि दुसऱ्या दिवसाच्या अलीकडे, अशी अट लावायची.

राहता राहिलं, मध्येच काही बिघडलं तर काय. आपण सांगितलं नाही तर एसक्यूएल प्लस चूक छापतं आणि पुढच्या ओळीवर जातं, जणू काही झालंच नाही. म्हणून माथ्यावर 'व्हेनेव्हर एसक्यूएलएरर एक्झिट' लागतं, म्हणजे चूक झाली की तिथेच थांब. बरेच जण त्यापुढे 'एसक्यूएल डॉट एसक्यूएलकोड' लिहितात, म्हणजे ओरॅकलचा चूक क्रमांक बाहेर, स्क्रिप्ट चालवणाऱ्या मशीनकडे, जावा. पण युनिक्सवर बाहेर जाणारा आकडा ० ते २५५ एवढाच असतो, त्यामुळे क्रमांकाला २५६ ने भागून उरेल ती बाकी जाते. टेबल सापडलं नाही, ह्याचा क्रमांक ९४२. बाहेर दिसतो १७४. हेही ठीक. पण जागेचा कोटा संपला, ह्याचा क्रमांक १५३६. २५६ सक १५३६, बाकी शून्य. आणि शून्य म्हणजे सगळं आलबेल! मी 'एक्झिट फेल्युअर' लिहिते. कुठली चूक ते लॉगमध्ये वाचता येतं.

काकांसाठी त्यात एक ओळ मी वेगळी घातली आहे. 'स्पूल ऑफ'च्या आधी 'प्रॉम्प्ट अखेर'. स्क्रिप्ट अर्ध्यात मेली तर तो शब्द छापलाच जात नाही. हल्ली कागद हातात आला की काका आकडे बघतच नाहीत, आधी शेवटचं पान उलटून तळ बघतात. 'अखेर' नसेल तर मला फोन येतो, बहुतेक मी सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत अडकलेली असते तेव्हा.